कॉलेजच्या क्वार्टरबॅकला व्यावसायिक संघात जागा कशी मिळते?

प्रश्न: आमचा मुलगा ओहायोत जन्मला, तिथेच वाढला. सध्या अमेरिकन फुटबॉलमध्ये एका एफसीएस (दुसऱ्या श्रेणीच्या) कॉलेजकडून क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा, म्हणून खेळतो. दोन वर्षं तोच पहिल्या पसंतीचा आहे आणि खेळायचं एकच वर्ष उरलंय. एनएफएलसाठी, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगसाठी, प्रयत्न करणारच, असं तो म्हणतो. शेवटच्या वर्षासाठी मोठ्या कॉलेजात जावं का, एजंट केव्हा धरावा, आणि मुळात काही आशा आहे का? आम्हा दोघांना या खेळातलं फारसं कळत नाही.

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे दोन्ही त्यावरच अवलंबून आहेत. आशा आहे. पण ज्या जागेची आशा धरायची ती जागा बहुतेक मुलांच्या डोळ्यांसमोर नसते. कॉलेजातून बाहेर पडणारा प्रत्येक क्वार्टरबॅक स्वतःला रविवारी दुपारी पहिला डाव टाकताना बघत असतो. त्याच्याकडे बघणारा व्यावसायिक संघ मात्र वेगळाच हिशेब करतो. हा मुलगा आमच्याकडे दुसरा किंवा तिसरा क्वार्टरबॅक म्हणून चालेल का? आठवडाभर जवळजवळ सराव न मिळता अचानक उतरवला तर सामना हातचा जाऊ देणार नाही ना? मी अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकांना शिकवण्याचं आणि सामन्यांच्या चित्रफिती तपासण्याचं काम करत आलो आहे. ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या, पहिल्या फेरीतले दोन-चार भाग्यवान सोडले, तर माझ्या पाहण्यात जे टिकले ते बहुतेक या दुसऱ्या कामाची तयारी करून आलेले होते.

आधी जागा किती आहेत ते बघा. एनएफएलमध्ये ३२ संघ. प्रत्येकाच्या मुख्य यादीत ५३ खेळाडू, शिवाय १६ जणांचं प्रॅक्टिस स्क्वाड, म्हणजे सरावापुरते ठेवलेले खेळाडू. मुख्य यादीत क्वार्टरबॅक दोन, काही ठिकाणी तीन, आणि प्रॅक्टिस स्क्वाडवर एखादा. सगळे मिळून शंभराच्या आसपास नोकऱ्या, आणि त्यातल्या दरवर्षी मोकळ्या होतात त्या थोड्याच. उमेदवार मात्र वरच्या एफबीएस श्रेणीत १३० हून अधिक कॉलेजांतून येतात, तुमच्या मुलाच्या एफसीएसमधून तेवढ्याच सुमाराच्या कॉलेजांतून, आणि त्याखाली डिव्हिजन टू आणि थ्री आहेतच. एप्रिलअखेरच्या ड्राफ्टमध्ये सात फेऱ्यांत मिळून अडीचशेच्या थोड्या वर नावं पुकारली जातात. त्यात क्वार्टरबॅक साधारण दहा-बारा. एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेची, स्वतःची आकडेवारी सांगते की ड्राफ्टला पात्र असलेल्या कॉलेज खेळाडूंपैकी शंभरातले दोनसुद्धा निवडले जात नाहीत.

हे घाबरवायला लिहिलेलं नाही. उरलेली नव्वद-शंभर नावं ड्राफ्टच्या क्रमाने ठरत नाहीत, एवढंच यातून बघायचं.

दुसऱ्या क्वार्टरबॅकचं काम कसं असतं ते जॉश डॉब्सच्या एका आठवड्यावरून कळेल. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मिनेसोटा व्हायकिंग्जचा कर्क कझिन्स टाचेमागचा स्नायुबंध तुटून मोसमाबाहेर गेला. ३१ ऑक्टोबरला, मंगळवारी, व्हायकिंग्जनी ॲरिझोनाकडून डॉब्सला आणलं. रविवारी ५ नोव्हेंबरला अटलांटात सामना होता. त्या दिवशी खेळणार होता नवखा जॅरन हॉल. डॉब्स हाताशी असावा म्हणून नेलेला. पहिल्याच सत्रात हॉलच्या डोक्याला मार बसला आणि डॉब्सला उतरावं लागलं. नव्या संघाबरोबर सरावात त्याने एक डावही चालवलेला नव्हता. सोबत्यांची नावंसुद्धा धड ठाऊक नव्हती. मैदानाच्या कडेलाच त्याने पुढच्या फळीबरोबर चेंडू मागायच्या हाकेची लय जुळवून घेतली. मुख्य प्रशिक्षक केव्हिन ओकॉनेल हेल्मेटमधल्या रेडिओवरून त्याला डाव सांगायचा आणि त्यात कोण कुठे धावणार तेही समजावायचा. हा रेडिओ डावाच्या घड्याळात १५ सेकंद उरले की बंद होतो. पुढचं सगळं एकट्याने निभावायचं. अखेरच्या मिनिटात डॉब्सने निर्णायक टचडाउन करवून ३१-२८ असा सामना जिंकून दिला.

हा डॉब्स टेनेसी विद्यापीठात एरोस्पेस इंजिनिअरिंग शिकलेला, २०१७ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत १३५ वा निवडला गेलेला. कायमचा पहिल्या पसंतीचा तो कधीच झाला नाही, पण बेकारही राहिला नाही. त्याच्या आधीच्या पिढीतला जॉश जॉन्सन २००८ मध्ये पाचव्या फेरीत आला आणि तब्बल १४ संघांच्या यादीत राहिला. चेस डॅनियल २००९ मध्ये ड्राफ्टबाहेर राहिला, पुढे दहा-बारा वर्षांच्या कारकिर्दीत सुरुवातीपासून खेळलेले सामने फक्त पाच, आणि कमाई ४ कोटी डॉलरच्या घरात. प्रशिक्षकांना ही माणसं हवी असतात, कारण ती बुधवारच्या बैठकीत पहिल्या क्वार्टरबॅकला मदत करतात, सरावात प्रतिस्पर्धी संघाच्या क्वार्टरबॅकची हुबेहूब नक्कल करतात आणि वेळ आली तर गोंधळत नाहीत. या बैठकांच्या खोलीला सगळे क्वार्टरबॅक रूम म्हणतात. तुमच्या मुलाला त्या खोलीत शिरायचं आहे.

आता त्याच्यापुढची खरी अडचण. कॉलेजात डाव बहुधा बाहेरून, मैदानाच्या कडेवरून येतो. कुणीतरी हातवारे करतं, कुणी चित्रांचे फलक धरतं, क्वार्टरबॅक मान वळवून बघतो, लगेच चेंडू मागतो. हेल्मेटमधला रेडिओ एफबीएसला २०२४ मध्ये मिळाला. व्यावसायिक संघात क्वार्टरबॅक कानात डाव ऐकतो, दहा जणांना घोळक्यात घेऊन तो शब्दन् शब्द म्हणून दाखवतो आणि मग जागेवर जातो. 'स्पायडर टू वाय बनाना' हा प्रशिक्षक जॉन ग्रुडनमुळे प्रसिद्ध झालेला डाव घ्या. 'स्पायडर टू' म्हणजे पुढच्या फळीने आणि बॅकने संरक्षण कसं करायचं ते, 'वाय' म्हणजे टाइट एंड, फळीच्या टोकाला उभा राहून चेंडूही झेलणारा, 'बनाना' म्हणजे त्याने केळ्यासारखी वळणारी वाट धरायची. हा गाभा झाला. त्याच्या आधी रचनेचं नाव लागतं, कोण जागा बदलणार ते लागतं, पुढे कधीकधी पर्यायी डावही जोडलेला असतो, म्हणजे बचाव अमुक प्रकारे उभा राहिला तर पहिला सोडून दुसरा. असे बारा-पंधरा शब्द एका दमात, न अडखळता. तेवढं झालं की रेषेवर जाऊन समोरच्यांतला 'माइक', म्हणजे बचावाचा मधला खेळाडू, कोण ते बोट दाखवून सांगायचं, कारण संरक्षणाची मोजणी त्याच्यापासून सुरू होते. कितीतरी उत्तम फेकी करणारी मुलं इथे अडतात. हात चांगला असतो, पण ही भाषा त्यांच्याकडून कुणी बोलून घेतलेली नसते.

मुलाखतीत हेच तपासतात. खोलीत फळा, एक प्रशिक्षक, एक-दोन स्काउट, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणारे. प्रशिक्षक सुरुवातीलाच आपला एक डाव शिकवतो: उभं कसं राहायचं, संरक्षण कुठलं, मागे दोन सेफ्टी, म्हणजे बचावातले सगळ्यांत मागचे खेळाडू, असतील तर आधी कुणाकडे बघायचं, एकच असेल तर कुणाकडे. मग फळा पुसतो. घरच्या चौकश्या होतात. मग मुलाची एखादी चुकलेली फेक पडद्यावर लावतो आणि विचारतो, इथे तुला काय दिसलं? ज्याने सांगितलं की रिसीव्हर (चेंडू झेलणारा) वाट चुकला, त्याच्या नावापुढे बहुतेक खूण होते. ज्याने सांगितलं की सेफ्टी फिरलेला मला उशिरा दिसला, पाय आधीच बांधले गेले होते, दुसरा पर्याय डावीकडे मोकळा होता, त्याचं ऐकून घेतात. आणि उठायला पाच मिनिटं असताना पेन हातात देतात: मघाचा डाव काढून दाखव, सगळ्या अकराही जणांसकट. ही तयारी घरी करता येते. तुम्हाला खेळ कळत नाही म्हणता, तरी त्याने काढलेली आकृती पुसून वीस मिनिटांनी पुन्हा काढायला लावणं तुम्हालाही जमेल.

म्हणून या शेवटच्या मोसमात त्याने आपल्या आक्रमणाच्या प्रशिक्षकाकडे तीन गोष्टी मागाव्यात. संरक्षणाची हाक मला देऊ द्या. निदान काही डाव सेंटरच्या, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूच्या, पाठीशी उभं राहून, पाठ बचावाकडे वळवून खेळू द्या, कारण कॉलेजात सगळं लांबून, शॉटगनमधून चालतं आणि व्यावसायिक संघांना पायांची ती लय पाहायची असते. आणि आठवड्याची आखणी होते त्या बैठकीत मला बसू द्या. चांगला प्रशिक्षक याला नाही म्हणत नाही.

मोजमापांवर फार जीव टाकू नका. टॉम ब्रेडी २००० मध्ये ४० यार्ड ५.२८ सेकंदांत धावला आणि १९९ वा निवडला गेला. त्याने सात सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले. केनी पिकेटच्या साडेआठ इंची पंजाची २०२२ मध्ये केवढी चर्चा झाली, तरी पिट्सबर्गने त्याला पहिल्या फेरीत घेतलंच. सी. जे. स्ट्राउडचा एका आकलन चाचणीतला कमी गुणांक २०२३ मध्ये बाहेर फुटला आणि त्याच वर्षी तो आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. उंची, पंजा, धाव हे सगळं मोजतात, नोंदवतात, आणि पहिल्या दोन फेऱ्यांनंतर त्याचं वजन झपाट्याने कमी होतं.

वजन वाढतं ते खेळलेल्या सामन्यांचं. तुमच्या 'मोठ्या कॉलेजात जावं का' या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनायनर्सनी २०२१ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर ट्रे लान्सला घ्यायला पहिल्या फेरीतले निवडीचे तीन हक्क मोजले. लान्स नॉर्थ डकोटा स्टेटचा, म्हणजे एफसीएसचाच, जबरदस्त हाताचा आणि पायाचा मुलगा. पण कॉलेजात त्याने सुरुवात केलेले सामने फक्त १७, कारण २०२० चा मोसम कोव्हिडने खाल्ला. पुढच्याच वर्षी त्याच संघाने ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा क्रमांक ब्रॉक पर्डीवर खर्च केला. पर्डी आयोवा स्टेटकडून चार वर्षं खेळलेला, चाळिसाहून जास्त सामने सुरुवातीपासून. २०२२ च्या दुसऱ्याच सामन्यात लान्सचा घोटा मोडला. डिसेंबरमध्ये मायामीविरुद्ध जिमी गॅरोपोलोचा पाय मोडला. उतरला पर्डी. प्रशिक्षक काइल शॅनहन ज्या वेळेवर पाय पडायला मागतो त्या वेळेवर पर्डीचे पाय पडत होते, कारण तेच काम तो आठवड्यामागून आठवडे करून आला होता. संघ एनएफसीच्या, म्हणजे लीगच्या दोन भागांपैकी एकाच्या, अंतिम सामन्यापर्यंत गेला. तिथे पर्डीच्या कोपराचा स्नायुबंध फाटला, त्याच्या जागी आलेल्या जॉश जॉन्सनच्याही डोक्याला मार बसला, आणि न फेकता येणाऱ्या पर्डीलाच परत मैदानात यावं लागलं. (वर १४ संघांचा सांगितला तोच हा जॉन्सन.) त्यानंतर २०२३ मध्ये लीगने आणीबाणीच्या तिसऱ्या क्वार्टरबॅकचा नियम आणला. तुमच्या मुलासारख्यांसाठी ही चांगली बातमी होती. तिसऱ्या माणसाला मुख्य यादीत ठेवण्याचं कारण संघांना मिळालं.

लान्सला ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीतल्या एका हक्काच्या बदल्यात डॅलसला देऊन टाकलं. पर्डीचा पहिला चार वर्षांचा करार ४० लाख डॉलरच्याही आतला होता; मे २०२५ मध्ये त्याला पाच वर्षांचे २६ कोटी ५० लाख डॉलर मिळाले. लान्स वाईट खेळाडू होता असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्याला चुका करून शिकायला सामनेच मिळाले नाहीत, आणि एनएफएलमध्ये ते कुणी देत नाही.

तेव्हा मोठ्या कॉलेजात जायचं असेल तर एकच अट: तिथे पहिल्या पसंतीने खेळायला मिळणार असेल तरच. कॅम वॉर्ड एफसीएसच्या इन्कार्नेट वर्डमधून वॉशिंग्टन स्टेटला गेला, तिथून मायामीला, आणि २०२५ मध्ये टेनेसी टायटन्सनी त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. पण तो प्रत्येक ठिकाणी खेळला. उलट टायसन बेजेंट शेफर्ड या डिव्हिजन टू कॉलेजातच राहिला, ढिगाने सामने खेळला, मोबीलच्या सीनियर बोलचं, म्हणजे शेवटच्या वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याचं, बोलावणं मिळवलं, २०२३ मध्ये ड्राफ्टबाहेर राहिला, शिकागो बेअर्सच्या शिबिरात शिरला आणि ऑक्टोबरमध्ये जस्टिन फील्ड्सला दुखापत झाल्यावर पहिला सामना खेळून जिंकलाही. ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या नोंदणीमुळे, जाणं आता सोपं झालंय, त्यामुळे मोठ्या कॉलेजचे प्रशिक्षक 'स्पर्धेसाठी' म्हणून दोन-दोन, तीन-तीन क्वार्टरबॅक गोळा करतात. हरलेल्याचं शेवटचं वर्ष बाकावर जातं आणि नवी चित्रफीतच राहत नाही.

पैशाचाही विचार आहे आणि तो करण्यात काही गैर नाही. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेजं थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी, २०२५-२६ मध्ये, एका कॉलेजसाठी सगळ्या खेळांत मिळून वाटायची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. मोठ्या संघांतल्या क्वार्टरबॅकचा त्यात मोठा वाटा असतो. एनएफएलच्या प्रॅक्टिस स्क्वाडवर नवख्याला २०२५ मध्ये आठवड्याला १३ हजार डॉलर मिळत होते, तेही फक्त मोसमापुरते. त्यामुळे कुणी खेळायची जागाही देत असेल आणि रक्कमही, तर जरूर जा. नुसती रक्कम असेल तर माझं मत नाही असंच आहे. करारात खेळायची हमी कुणी लिहून देत नाही, म्हणून त्या कॉलेजच्या यादीत दुसरे क्वार्टरबॅक कोण, त्यांना काय कबूल केलंय, आणि आक्रमणाचा प्रशिक्षक वर्षभर राहणार आहे का, एवढं शोधून काढा.

आता एजंट. खेळायचं वर्ष शिल्लक असेपर्यंत व्यावसायिक करारासाठी एजंटशी सही करायची नाही. तसं केलं तर कॉलेजातली पात्रता जाते. नावावरच्या कमाईसाठीचा प्रतिनिधी वेगळा, त्याची सरमिसळ होऊ देऊ नका. शेवटचा सामना झाला की सही करता येते. एजंट खेळाडूंच्या संघटनेकडे, एनएफएलपीएकडे, नोंदलेला हवा आणि करारावरची त्याची दलाली जास्तीत जास्त ३ टक्के असते. भेटायला येईल त्याला मोठ्या ग्राहकांची नावं विचारू नका. विचारा की ड्राफ्टबाहेर राहिलेले क्वार्टरबॅक तुम्ही गेल्या वर्षी कुठे लावले, त्यातले ऑगस्टअखेर कुठे होते. जानेवारी ते मार्च तयारीसाठी मुलं फ्लोरिडा-ॲरिझोनात राहतात. तो खर्च एजंट करतो, पण काही करारांत मुलाची निवड झाली नाही तर खर्च परत द्यायचा असं बारीक अक्षरांत असतं. सही करण्याआधी ते पान वकिलाला दाखवा.

इंडियानापोलिसच्या कम्बाइनला, म्हणजे सगळ्या संघांपुढच्या एकत्रित चाचणीला, ३०० च्या वर मुलं बोलावतात. एफसीएसच्या क्वार्टरबॅकला बोलावणं आलं तर उत्तम, न येणंच जास्त संभवतं. त्याची परीक्षा मार्चमधल्या प्रो डेला, म्हणजे कॉलेजातच स्काउटांपुढे होणाऱ्या चाचणीला. त्याच्या कॉलेजात स्काउट येणार नसतील तर शेजारच्या मोठ्या कॉलेजच्या प्रो डेमध्ये फेकायची परवानगी मिळते का ते त्याच्या प्रशिक्षकाने डिसेंबरमध्येच विचारून ठेवावं. फेकींचा क्रम आधी ठरलेला असतो. त्यात लांब फेकींची आतषबाजी करणारे पुष्कळ असतात. मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना सेंटरपाठून उभं राहून, पाच आणि सात पावलांवर वेळेत जाणाऱ्या मधल्या पल्ल्याच्या फेकी जास्त ठेवायला सांगतो, कारण एफसीएसच्या मुलाबद्दल शंका तिथेच असते.

मग ड्राफ्टचा शनिवार. सातवी फेरी संपत आली की फोन सुरू होतात आणि तासाभरात निर्णय घ्यावे लागतात. हा सगळ्यांत कळीचा तास. ड्राफ्टमध्ये निवड झाली तर संघ निवडायचं स्वातंत्र्य नसतं. ड्राफ्टबाहेर राहिलेल्याला असतं, आणि सातव्या फेरीपेक्षा ते पुष्कळदा बरं पडतं. टोनी रोमो २००३ मध्ये असाच ड्राफ्टबाहेरून डॅलसला गेला आणि जवळजवळ दहा वर्षं तिथला पहिला क्वार्टरबॅक राहिला. म्हणून एप्रिलच्या सुरुवातीलाच बत्तीसही संघांची यादी करून ठेवा: कुणाकडे क्वार्टरबॅक किती, कुणाचे करार संपतायत, कुठला प्रशिक्षक तुमच्या मुलाला येते ती भाषा वापरतो. पाच-दहा हजार डॉलर जास्त देणाऱ्या पण आधीच चार क्वार्टरबॅक असलेल्या संघापेक्षा कमी देणारा आणि दोनच असलेला संघ चांगला. करार नाहीच मिळाला तर मेमधल्या नवोदितांच्या शिबिराला नुसतं आजमावण्यासाठी बोलावतात. तेही नाकारू नये. ऑगस्टअखेर यादी ५३ वर येते. त्या दिवशी नाव गेलं तरी दुसऱ्या दिवसापासून प्रॅक्टिस स्क्वाड भरायला लागतात, आणि बहुतेकांची खरी सुरुवात तिथूनच होते.

एनएफएलचा दरवाजा लगेच उघडला नाही तर कॅनडाकडे दुय्यम म्हणून बघू नका. सीएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या लीगमध्ये, नऊ संघ आहेत, मैदान मोठं, एका बाजूला बारा खेळाडू आणि चेंडू दहा यार्ड पुढे न्यायला चारऐवजी तीनच संधी, त्यामुळे क्वार्टरबॅकला भरपूर फेकावं लागतं. तिथले क्वार्टरबॅक बहुतांशी अमेरिकनच असतात. प्रत्येक संघ ४५ जणांची एक यादी बाळगतो, ज्यांच्याशी बोलणी करायचा हक्क फक्त त्याचाच. तुमच्या मुलाचं नाव आताच एखाद्या यादीत असू शकतं. एजंट आला की पहिल्यांदा हीच चौकशी करायला सांगा. वॉरन मून १९७८ चा रोझ बोल हा कॉलेजांचा मोठा सामना गाजवूनही ड्राफ्टबाहेर राहिला, कारण त्या काळी काळ्या क्वार्टरबॅकवर विश्वास टाकायला संघ तयार नव्हते. तो एडमंटनला गेला, सलग पाच ग्रे कप, म्हणजे सीएफएलची विजेतेपदं, जिंकले, १९८४ मध्ये ह्यूस्टनला आला आणि २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये दाखल झालेला पहिला काळा क्वार्टरबॅक ठरला.

अमेरिकेतच वसंतात यूएफएल चालते, २०२४ मध्ये एक्सएफएल आणि यूएसएफएल एकत्र होऊन बनलेली. २०२० च्या एक्सएफएलमधून पी. जे. वॉकर थेट कॅरोलायनाला गेला होता. आणि कर्ट वॉर्नरचं नाव तर तुमचा मुलगा सांगेलच: १९९४ मध्ये ग्रीन बेच्या शिबिरातून काढलेला, आयोवातल्या किराणा दुकानात फडताळं भरणारा, मग बंदिस्त मैदानातलं अरीना फुटबॉल, मग युरोपातल्या लीगमध्ये ॲमस्टरडॅम, मग १९९९ च्या मोसमात रॅम्सबरोबर सुपर बोल. (भारतात २०१२ मध्ये सुरू झालेल्या एलिट फुटबॉल लीगच्या पाठीराख्यांत हा वॉर्नरही होता, त्या लीगमध्ये पुणे मराठाज नावाचा संघ खेळला.) वॉर्नरची गोष्ट मुलांना फार आवडते. मी त्यातली एवढीच बाब त्यांना दाखवतो की मधली बहुतेक वर्षं तो कुठे ना कुठे सामने खेळत होता. घरी बसून जिममध्ये वाट पाहणाऱ्याला फोन येत नाही.

किती दिवस प्रयत्न करावा? माझ्या मते दोन ऑगस्ट. दोन वर्षांच्या छाटणीत कुणीही, कॅनडानेसुद्धा, जवळ केलं नाही तर थांबावं. डोक्याला बसणाऱ्या माराचा हिशेब साठत जातो आणि एनएफएलचं निवृत्तिवेतनही तीन मोसम भरल्याशिवाय लागू होत नाही. म्हणून पदवी आधी पूर्ण होऊ द्या, यात तडजोड नको. आणि शिक्षण म्हणजे नुसतं दुसरं साधन असंही नाही; त्यातून प्रशिक्षक होण्याची वाटही निघते. डॉब्सला संघात घेणारा ओकॉनेल स्वतः २००८ मध्ये तिसऱ्या फेरीत न्यू इंग्लंडने घेतलेला क्वार्टरबॅक, खेळाडू म्हणून कारकीर्द अगदी छोटी. सिनसिनाटीचा झॅक टेलर ड्राफ्टबाहेरचा, विनिपेगपर्यंत जाऊन आलेला. केलन मूर २०१२ मध्ये ड्राफ्टबाहेर राहिला, २०२५ मध्ये न्यू ऑर्लीन्सचा मुख्य प्रशिक्षक झाला. क्वार्टरबॅक रूममधली दोन वर्षं ज्याने वही भरून काढली, त्याला कॉलेजात पदव्युत्तर सहायक म्हणून काम सहज मिळतं. मानधन किरकोळ, पण शिकवणीचा खर्च बहुधा कॉलेज उचलतं.

तुम्हा दोघांसाठी एकच सूचना. प्रशिक्षकांना आणि स्काउटांना तुम्ही फोन करू नका. ते मुलाच्याच नावावर लिहिलं जातं. जेवढं बोलायचं ते एजंटशी आणि मुलाशी.

मला बघायला पाठवायचं असेल तर निवडक डावांची झकपक चित्रफीत नको. गेल्या मोसमात हरलेले दोन सामने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, बावीसही खेळाडू दिसतील अशा उंच कोनातून घेतलेले, आणि त्यासोबत तिसऱ्या संधीच्या प्रत्येक डावावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या दोन ओळी: काय दिसलं आणि चेंडू तिथेच का फेकला. तेवढ्यावरून कॅनडाशी आधी बोलायचं की प्रो डेची वाट पाहायची, हे मला सांगता येईल.